गोदीपासून लोकसभेपर्यंत

इ. स. १९४९ च्या सुमाराची गोष्ट आहे. मुंबईच्या चौपाटीवर रात्रीची गर्दी ओसरली, भेळवाले आपापल्या टोपल्या उचलून घरी गेले, की ज्यांस घर नाही अशी माणसे वाळूवर आणि बाकांवर अंग टाकीत. त्यांत एकोणीस वर्षांचा एक सडपातळ तरुण असे. शेकडो मैलांवरील मंगळूर शहरातून तो कामाच्या शोधात आला होता. मुंबईत त्याच्या ओळखीचे कोणी नव्हते, आणि तेथे बोलली जाणारी मराठीही त्याची मातृभाषा नव्हती. मध्यरात्री पोलीस शिपाई येई, त्याला उठवी व तेथून चालते व्हावयास सांगे. तरुण निमूटपणे उठे आणि दुसरी जागा शोधू लागे.

या तरुणाचे नाव जॉर्ज फर्नांडिस. पुढे अठरा वर्षांनी याच शहराच्या दक्षिण भागातील मतदारांनी त्यांना आपला प्रतिनिधी म्हणून लोकसभेत पाठविले. चौपाटीच्या वाळूपासून लोकसभेपर्यंतचा हा प्रवास मुंबईच्या गोदीतून, टॅक्सींच्या तळांवरून आणि सफाई कामगारांच्या वस्त्यांतून झाला.

पोटासाठी गाव सोडणे ही गोष्ट महाराष्ट्रास नवी नाही. परभणी जिल्ह्यातील चारठाणा हे गाव तेथील प्राचीन देवळांसाठी आणि उंच दीपमाळेसाठी प्रसिद्ध आहे. ज्यांनी ही देवळे उभारली त्यांच्या काळी गाव खासच भरभराटीचे असले पाहिजे. परंतु पावसाने डोळे वटारले, की अशा जुन्या, नांदत्या गावांतूनही माणसे बाहेर पडतात. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील कितीतरी कुटुंबांनी मुंबई-पुण्याची वाट धरली. परभणीच्या किंवा सेलूच्या स्थानकावर आगगाडीत बसलेला माणूस दुसऱ्या टोकास उतरतो, तेव्हा तो कोणाचा कोणी नसतो. गावात त्याला नावाने हाक मारणारे शंभर जण असतात. शहरात तो केवळ दोन हात घेऊन आलेला एक मजूर असतो. अशा माणसास काम कोण देतो, मजुरी कोण ठरवितो, आणि ठरलेली मजुरी मिळाली नाही तर त्याने कोणाकडे जावे? जॉर्ज फर्नांडिस यांच्या सार्वजनिक आयुष्याची पहिली कित्येक वर्षे याच प्रश्नांची उत्तरे शोधण्यात गेली.

जॉर्ज यांचा जन्म ३ जून १९३० रोजी मंगळूर येथे एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. घरची भाषा कोंकणी. सहा भावांत तो थोरला. इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज यांचाही जन्म ३ जूनचाच. आईच्या मनात त्या राजाविषयी आदर होता. म्हणून तिने मुलाचे नाव जॉर्ज ठेविले. ज्याने जन्मभर सत्ताधाऱ्यांशी झुंज घेतली त्याचे नाव एका बादशहावरून पडावे, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

थोरल्या मुलाने धर्मोपदेशक व्हावे अशी घरच्यांची इच्छा होती. त्याप्रमाणे वयाच्या सोळाव्या वर्षी त्याला बंगळूरच्या पाठशाळेत पाठविण्यात आले. तेथे धर्मशास्त्र, तत्त्वज्ञान व लॅटिन भाषा शिकविली जाई. मुलगा बुद्धिमान होता. पण लवकरच त्याचे मन तेथून उडाले. कारण वरवर पाहता अगदी लहान होते. भोजनगृहात गुरुजनांची मेजे उंचावर मांडलेली असत व त्यांच्या पानात चांगले पदार्थ पडत. विद्यार्थी खाली बसत आणि त्यांचे जेवण निराळे असे. सर्व माणसे देवाची लेकरे आहेत असे दिवसभर शिकवावयाचे आणि जेवणाच्या वेळी दोन पंगती मांडावयाच्या, ही विसंगती त्या मुलास सहन झाली नाही. दोन-अडीच वर्षांनी त्याने पाठशाळा सोडली. आपल्याकडील पंक्तिभेदाच्या गोष्टी ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना या मुलाचा राग समजावयास वेळ लागणार नाही.

मंगळुरास परतल्यावर त्याने तेथील उपाहारगृहांत आणि मोटारधंद्यात राबणाऱ्या मजुरांत काम सुरू केले. पण लवकरच तो मुंबईस आला, आणि आरंभी सांगितलेले चौपाटीचे दिवस त्याच्या वाट्याला आले. काही काळाने एका वृत्तपत्रात मुद्रिते तपासण्याचे काम मिळाले. छापावयाच्या मजकुरातील चुका शोधून दुरुस्त करणे हे ते काम. त्यातून जेमतेम पोट भरे. मात्र त्याचे खरे शिक्षण सुरू झाले ते मुंबईच्या गोदीत.

मुंबईचे बंदर म्हणजे त्या काळी हिंदुस्थानच्या व्यापाराचे महाद्वार. प्रिन्सेस, व्हिक्टोरिया व अलेक्झांड्रा या तीन मोठ्या गोद्यांत देशोदेशीची जहाजे लागत. आज आपण समुद्रातून येणारा माल लोखंडी पेट्यांत बंद झालेला आणि यंत्रांनी उचललेला पाहतो. तेव्हा तसे नव्हते. धान्याची व साखरेची पोती, कापसाचे गठ्ठे, लोखंडाच्या सळ्या हे सर्व माणसाच्या पाठीवरून व डोक्यावरून चढविले आणि उतरविले जाई. काम करणारांच्या टोळ्या असत व टोळीवर मुकादम असे. सकाळी गोदीच्या फाटकाशी मजुरांची झुंबड उडे. मुकादम ज्याच्याकडे बोट दाखवील त्याला त्या दिवसाचे काम मिळे, इतरांनी रिकाम्या हाताने परतावयाचे. जहाज आले तर काम, नाही तर उपवास. मुकादमाची मर्जी राखण्यासाठी मजुरीतील काही भाग त्याच्या हातावर ठेवावा लागे. जड पोत्याखाली कोणाचा पाय मोडला, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा माणूस उभा असे. मोडलेल्या पायाची विचारपूस करणारा कोणी नसे.

या गोदी कामगारांना संघटित करणारे एक मोठे पुढारी म्हणजे प्लासिड डिमेलो. तेही मंगळूरकडूनच आलेले. मुंबईत गोदीच्या कडेने जाणाऱ्या लांबलचक रस्त्याला आज त्यांचेच नाव आहे. जॉर्ज डिमेलोंच्या हाताखाली काम करू लागला. सभेच्या सतरंज्या अंथरणे, वर्गणीच्या पावत्या फाडणे, कामगारांच्या तक्रारी लिहून घेणे, ही कामे त्याने केली. १९५२-५३ मध्ये त्याने गोदी कामगारांसाठी ‘डॉकमन’ नावाचे एक मासिकही संपादित केले. समाजवादी विचारवंत डॉ. राममनोहर लोहिया यांच्या विचारांचा प्रभावही याच काळात त्याच्या मनावर पडला. १९५८ मध्ये डिमेलो वारले, आणि त्यांच्या कार्याचा मोठा भार तरुण जॉर्जच्या खांद्यावर आला.

कामगार संघटना म्हणजे काय, हे येथे थोडे समजावून घेतले पाहिजे. एका गिरणीत हजार माणसे काम करतात अशी कल्पना करा. त्यांतील एकाने मालकाकडे जाऊन मजुरी वाढवून मागितली, तर मालक सहज म्हणेल, “परवडत नसेल तर उद्यापासून येऊ नकोस.” त्या एका माणसावाचून गिरणी अडत नाही, पण त्या माणसाची चूल मात्र गिरणीवाचून अडते. येथे दोन्ही पक्ष समान नाहीत. मात्र हजारही जणांनी एका तोंडाने तीच मागणी केली, तर पारडे बदलते, कारण हजार माणसांवाचून गिरणी चालू शकत नाही. ही एकजूट कायम टिकावी म्हणून संघटना. सभासद दरमहा थोडी वर्गणी देतात. त्यातून कचेरी चालते, वकील देता येतो, आजारी सभासदाला मदत होते. मालकाशी बोलणी करावयास संघटनेचे प्रतिनिधी जातात. बोलणी यशस्वी झाली, तर दोन्ही पक्ष लेखी करार करतात. काहीच निष्पन्न झाले नाही, तर सर्वांनी मिळून काम थांबवावयाचे. यालाच संप म्हणतात. संप हे शेवटचे हत्यार होय, कारण त्याची धार दोन्हीकडे चालते. मालकाचा नफा बुडतो, तसा कामगाराचा पगारही बुडतो.

मुंबईस या कार्याची परंपरा जुनी आहे. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची पहिली संस्था स्थापन केली. गिरण्यांतून साप्ताहिक सुटीची मागणी त्यांनीच लावून धरली. १९२६ मध्ये कामगार संघटनांस मान्यता देणारा कायदा झाला. त्याप्रमाणे कोणत्याही सात कामगारांस एकत्र येऊन संघटनेची नोंदणी करता येऊ लागली. परंतु कायदा कागदावर असणे निराळे आणि त्याचा लाभ पदरात पडणे निराळे. गिरणी कामगार एका छताखाली काम करीत, म्हणून त्यांना एकत्र आणणे त्या मानाने सोपे होते. टॅक्सीवाला दिवसभर एकटा रस्त्यावर फिरतो, उपाहारगृहातील पोऱ्या तेथेच काम करतो आणि तेथेच बाकाखाली झोपतो, झाडूवाला पहाटेच्या काळोखात गल्ली झाडून निघून जातो. अशा विखुरलेल्या माणसांस कोणी एकत्र करावयाचे?

जॉर्ज फर्नांडिस यांनी नेमके हेच काम हाती घेतले. टॅक्सीचालक, महानगरपालिकेचे सफाई कामगार, उपाहारगृहांतील नोकर, शहरातील बसगाड्यांवरचे कर्मचारी, अशा अनेकांच्या संघटना त्यांनी उभ्या केल्या किंवा चालविल्या. हे सर्व लोक निरनिराळ्या मुलुखांतून आलेले. कोणी घाटावरचा, कोणी कोकणातला, कोणी गुजरातेतला, कोणी उत्तर प्रदेशातला, कोणी खुद्द त्यांच्याच दक्षिण कानड्यातला. ज्याच्या त्याच्या भाषेत बोलल्यावाचून कोणाचे मन उघडत नाही, हे जॉर्ज यांनी ओळखले. कोंकणी, तुळू, कन्नड व इंग्रजी त्यांना येतच होती. मराठी आणि हिंदी ते शिकले, आणि अशा शिकले की त्यांची मराठी भाषणे ऐकण्यासाठी लोक तास तास उभे राहत. पुढे तर त्यांना दहा भाषा अवगत असल्याचे सांगितले जाई. भाषा हे विद्वत्तेचे भूषण आहे, असे आपण समजतो. या माणसाने तिचा उपयोग एकमेकांस अनोळखी असलेल्या माणसांना एका सतरंजीवर बसविण्यासाठी केला.

त्यांच्या कार्यातील एक भाग संपांइतका गाजला नाही. पण तो सांगण्याजोगा आहे. कामगाराच्या घरी आजारपण आले, लग्न निघाले किंवा गावी घर पडले, की त्याला सावकाराचे दार ठोठवावे लागे. पगाराच्या दिवशी सावकाराचा माणूस कारखान्याच्या फाटकाशीच उभा असे. मोठ्या बँकांत कर्ज मागावयास गेले तर तारण काय, असा पहिला प्रश्न. झाडू आणि टोपली यांवर कोण कर्ज देणार? यावर उपाय म्हणून जॉर्ज यांच्या पुढाकाराने १९६८ मध्ये कामगारांची स्वतःची सहकारी बँक मुंबईत स्थापन झाली. टॅक्सीचालकास स्वतःची गाडी घेण्यासाठी कर्ज मिळावे, दुसऱ्याच्या गाडीवर भाड्याने राबणारा स्वतः मालक व्हावा, हाही त्यामागे हेतू होता. पुढे न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक या नावाने ती चालली व २०२५ मध्ये सारस्वत बँकेत विलीन झाली.

१९६१ मध्ये जॉर्ज फर्नांडिस मुंबई महानगरपालिकेचे सदस्य झाले. ज्या पालिकेच्या झाडूवाल्यांसाठी ते बाहेर घोषणा देत, त्याच पालिकेच्या सभागृहात बसून आता ते त्यांची बाजू मांडू लागले. १९६७ साली लोकसभेची निवडणूक आली. दक्षिण मुंबईतून काँग्रेसतर्फे स. का. पाटील उभे होते. स. का. पाटील म्हणजे साधी असामी नव्हे. ते मुंबईचे तीनदा महापौर झालेले, केंद्रात मंत्री असलेले, आणि या मतदारसंघातून सलग तीन निवडणुका जिंकलेले. मुंबईचा मुकुट नसलेला राजा असे लोक त्यांना म्हणत. त्यांना कोण पाडणार, असा प्रश्न कोणी केला तर ऐकणारे हसत.

जॉर्ज यांच्याजवळ पैसा नव्हता, पण माणसे होती. टॅक्सीवाल्यांनी, हमालांनी, झाडूवाल्यांनी गल्लोगल्ली प्रचार केला. पाटील यांना कोणीही हरवू शकत नाही असे म्हणतात. परंतु तुम्ही, या भागाचे मतदार, त्यांना हरवू शकता, अशा आशयाची पत्रके भिंतींवर झळकली. यातील ‘तुम्ही’ हा शब्द लोकांच्या मनास भिडला. मतमोजणी झाली तेव्हा स. का. पाटील पराभूत झाले होते. त्या दिवसापासून वृत्तपत्रे फर्नांडिस यांचा उल्लेख राक्षसाला लोळविणारा वीर असा करू लागली. मात्र पुढच्याच, १९७१ च्या निवडणुकीत याच मतदारसंघात त्यांचाही पराभव झाला. लोकशाहीत कोणाचेही आसन कायमचे नसते, आणि हा न्याय पाटलांना एक व फर्नांडिसांना दुसरा, असा असावयाचे कारण नाही.

त्यांच्या हाकेसरशी मुंबई बंद पडे, म्हणून काही लोक त्यांना ‘बंदसम्राट’ म्हणत. ही पदवी कौतुकाची होती तशीच रागाचीही होती. बस बंद पडली की कारखानदार घरी बसतो, हे खरे. पण त्याच दिवशी भाजीची पाटी घेऊन निघालेल्या बाईची भाजीही सुकते, आणि रुग्णालयाकडे निघालेला आजारी माणूस वाटेतच अडकतो. त्या बाईची संघटना नसते. कामगारांची बाजू न्याय्य असली तरी हा प्रश्न उरतोच, आणि कोणत्याही संपाचा विचार करताना तो डोळ्यांआड करणे बरे नाही.

अशा लढ्यांत सर्वांत मोठा लढा १९७४ मध्ये झाला. जॉर्ज फर्नांडिस आदल्या वर्षी अखिल भारतीय रेल्वे कामगार महासंघाचे अध्यक्ष झाले होते. त्या काळी वाफेच्या इंजिनावर काम करणाऱ्या चालकास व कोळसा टाकणाऱ्या फायरमनला सलग किती तास काम करावे लागेल, याला धरबंध नव्हता. भट्टीच्या धगीपुढे बारा-बारा, चौदा-चौदा तास उभे राहावे लागे. कामाचे आठ तास असावेत, बोनस मिळावा, सरकारी कारखान्यांतील कामगारांइतके वेतन मिळावे, या त्यांच्या मुख्य मागण्या होत्या. बोलणी चालू असतानाच, २ मे रोजी, फर्नांडिस यांना लखनौ येथे अटक झाली. ८ मे रोजी संप सुरू झाला. सुमारे सतरा लाख रेल्वे कामगारांचा तो प्रश्न होता. एवढा मोठा संप देशाने पूर्वी पाहिला नव्हता.

रेल्वे थांबणे म्हणजे काय, हे खेड्यातील मुलास चटकन जाणवणार नाही. चारठाण्यास आगगाडी येत नाही. पण दिव्यातील रॉकेल, रास्त भावाच्या दुकानातील गहू आणि शेतात टाकावयाचे खत यांचा बराचसा प्रवास कोठे ना कोठे रुळांवरूनच होई. त्यामुळे सरकारने संप मोडावयाचा निश्चय केला. हजारो कामगार तुरुंगात गेले, हजारोंना कामावरून काढले, अनेक ठिकाणी त्यांच्या कुटुंबांस रेल्वेच्या घरांतून बाहेर काढण्यात आले. वीस दिवसांनी, मे महिना संपण्यापूर्वीच, संप मागे घ्यावा लागला. मागण्या पदरात न पडताच कामगार परतले. कामावरून काढलेल्यांपैकी पुष्कळांना १९७७ मध्ये सरकार बदलल्यावर परत घेण्यात आले, आणि १९७९ नंतर रेल्वे कामगारांस बोनसही मिळू लागला. पण मधल्या तीन वर्षांत ज्यांच्या घरची चूल पेटली नाही, त्यांनी त्या संपाची किंमत पुरेपूर मोजली.

२५ जून १९७५ रोजी देशात आणीबाणी पुकारली गेली. विरोधी पक्षांचे पुढारी रातोरात पकडले गेले आणि वृत्तपत्रांवर बंधने आली. फर्नांडिस त्या वेळी ओडिशाच्या किनाऱ्यावर गोपाळपूर येथे होते. ते तेथून निसटले व भूमिगत झाले. कधी शिखाचा वेष, कधी कोळ्याचा, कधी साधूचा, असे ते जवळजवळ वर्षभर देशभर फिरत राहिले. पोलिसांना ते सापडेनात, तेव्हा त्यांचे धाकटे भाऊ लॉरेन्स यांना पकडून त्यांचा अनन्वित छळ करण्यात आला. फर्नांडिस यांच्या परिचयातील कन्नड अभिनेत्री स्नेहलता रेड्डी यांनाही बंगळूरच्या तुरुंगात ठेवले. त्यांना दम्याचा विकार होता; सुटकेनंतर थोड्याच दिवसांत, जानेवारी १९७७ मध्ये त्या वारल्या. १० जून १९७६ रोजी कलकत्त्यास फर्नांडिस पकडले गेले.

सुरुंगाची दारू मिळवून रेल्वेमार्ग व सरकारी मालमत्ता उडविण्याचा कट केला, असा आरोप त्यांच्यावर व त्यांच्या सहकाऱ्यांवर ठेवण्यात आला. बडोदा डायनामाइट खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. कोणाचा जीव घ्यावयाचा नाही, सरकारला हादरा द्यावयाचा, अशी त्यांची भूमिका होती. हुकूमशाहीशी लढताना असा मार्ग पत्करावा की नाही, याविषयी त्यांच्या मित्रांतही मतभेद होते. गांधीजींच्या मार्गाने चालणारांना तो मान्य होण्यासारखा नव्हता, आणि त्यांचे म्हणणे सोडून देता येईल इतके हलके नाही.

युरोपातील विली ब्रांट, ब्रूनो क्रायस्की व ओलोफ पाल्मे या समाजवादी नेत्यांनी फर्नांडिस यांच्या जिवाला धोका पोहोचू नये म्हणून खटपट केली. मार्च १९७७ मध्ये निवडणुका झाल्या. फर्नांडिस दिल्लीच्या तुरुंगातच होते. तेथूनच त्यांनी बिहारमधील मुझफ्फरपूर येथून निवडणूक लढविली. मतदारसंघात त्यांना एकदाही पाऊल टाकता आले नाही. बेड्या घातलेला हात उंच केलेले त्यांचे एक छायाचित्र होते. तेच लोकांपुढे गेले. जेथे त्यांचे घर नाही, दार नाही, जात नाही, गोत नाही, अशा त्या परमुलुखातून ते तीन लाखांहून अधिक मतांनी निवडून आले. नव्या सरकारने खटला काढून घेतला, आणि तुरुंगातील कैदी केंद्रात मंत्री झाला.

उद्योगमंत्री असताना त्यांनी परदेशी कंपन्यांस देशाचे कायदे पाळण्यास भाग पाडले. भांडवलातील परदेशी वाटा कमी करण्यास तयार नसलेल्या कोका-कोला व आयबीएम या कंपन्यांनी तेव्हा भारतातून गाशा गुंडाळला. कोका-कोलाच्या जागी सरकारी कारखान्याने ‘सत्त्याहत्तर’ या सालाची आठवण देणारे ‘डबल सेव्हन’ नावाचे पेय काढले. ते फार दिवस टिकले नाही. केवळ देशाभिमानाने चव बदलत नाही, हेही त्यातून दिसले. १९७९ मध्ये लोकसभेत अविश्वासाच्या ठरावावर त्यांनी आपल्या सरकारचे जोरदार समर्थन केले, आणि लगेच त्याच सरकारातून राजीनामा देऊन ते दुसऱ्या बाजूस गेले. त्यांच्या चाहत्यांस हे कोडे कधीच नीटसे उलगडले नाही.

१९९८ पासून २००४ पर्यंत, मधले काही महिने सोडून, ते देशाचे संरक्षणमंत्री होते. पोखरणची अणुचाचणी आणि कारगिलचे युद्ध या घटना त्यांच्याच कारकिर्दीत घडल्या. पण सैनिक त्यांना ओळखत ते सियाचीनमुळे. अठरा हजार फुटांहून उंच अशा त्या बर्फाळ प्रदेशात ते पुनःपुन्हा जात. बर्फावरून चालणाऱ्या गाड्यांची खरेदी दिल्लीच्या कचेरीत रेंगाळली आहे असे कळताच, ते कागद अडविणाऱ्या अधिकाऱ्यांनाच त्यांनी सियाचीन पाहावयास पाठविले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. गोदीतील हमालाचे दुःख कचेरीत बसून कळत नाही, हा धडा त्यांनी पन्नास वर्षांपूर्वी घेतला होता. २००१ मध्ये शस्त्रखरेदीतील लाचलुचपतीचे आरोप छुप्या चित्रणातून पुढे आले, तेव्हा त्यांना पद सोडावे लागले व काही महिन्यांनी ते परत मंत्रिमंडळात आले. त्यामुळे त्यांच्या नावास जो डाग लागला तो त्यांना फार झोंबला. मंत्री असतानाही ते सुती कुडता घालीत आणि स्वतःचे कपडे स्वतः धूत.

आयुष्याच्या अखेरीस त्यांना स्मृतिभ्रंशाचा विकार जडला. दहा भाषा बोलणारा हा माणूस हळूहळू मूक झाला. २९ जानेवारी २०१९ रोजी दिल्ली येथे त्यांचे निधन झाले. दुसऱ्या वर्षी भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण हा किताब दिला.

त्यांच्या हातून झालेल्या एका कामाचा उल्लेख मागे राहिला आहे. कोकणच्या किनाऱ्याने रेल्वे असावी, हा ध्यास बॅरिस्टर नाथ पै, मधु दंडवते आदींनी कित्येक वर्षे घेतला होता. डोंगर, खाड्या आणि पैशाची टंचाई यांमुळे ते काम पुढे सरकत नव्हते. १९८९ च्या अखेरीस फर्नांडिस रेल्वेमंत्री झाले आणि दंडवते अर्थमंत्री. सरकारी तिजोरीची वाट न पाहता चार राज्यांच्या भागीदारीत व लोकांकडून कर्जरोखे घेऊन ही रेल्वे बांधावी असे ठरले. जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. त्याची धुरा ई. श्रीधरन या अभियंत्यावर सोपविली. सह्याद्रीच्या पोटातून नव्वदांहून अधिक बोगदे खोदले गेले. रत्नागिरीजवळ पानवल नदीवरील पूल तर चौसष्ट मीटर उंच आहे. जानेवारी १९९८ मध्ये सबंध मार्ग खुला झाला.

१९४९ मध्ये मंगळूरहून मुंबईस यावयाचे, तर किनाऱ्याने थेट रेल्वे नव्हती. आज मुंबईहून दुपारी निघालेली मत्स्यगंधा एक्सप्रेस रात्रभर कोकणातून धावते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मंगळुरास पोहोचते.